लांब शब्दांचे सांधे

बाई, तुम्ही आमच्याकडे पहिल्यांदा आलात तेव्हा सौकारपेटेतल्या त्या गल्लीत आमची एकच लांबट खोली होती. पुढच्या अर्ध्यात मालकाची भट्टी, मागच्या अर्ध्यात आम्ही तिघं, मध्ये गोणपाटाचा पडदा. बाबा गलाईचं काम करायचे. सोनारांच्या दुकानांतली झाडलेली धूळ, मोडके दागिने, साड्यांची जुनी जर, जे येईल ते तेजाबात टाकायचं, मुशीत वितळवायचं आणि त्यातलं सोनं-चांदी वेगळं काढायचं. आमच्या विट्याकडची माणसं हिंदुस्थानातल्या कुठल्याही शहरात जा, हेच करताना दिसतील. सोनं दुसऱ्याचं, धूर आमचा. तो पिवळट-तांबूस धूर पडद्याला जुमानत नव्हता. आई भाकरी फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवायची, तरी तिला तेजाबाची चव लागायचीच. पहाटे बाबा उठून खोकायला बसायचे. आई भिंतीकडे तोंड करून पडलेली, जागी. मीही जागी. खोकला आज किती वेळ चालला ते आम्ही दोघी एकमेकींना न सांगता मनात मोजायचो, आणि रोज तो कालच्यापेक्षा लांबल्यासारखा वाटायचा. डॉक्टर म्हणाले होते, भट्टी सोडा. बाबा म्हणाले होते, "सोडतो की. मग खातो काय, धूर?"

मी तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या अख्ख्या भावकीत बारावीपुढे कुणी गेलेलं नव्हतं, ना मुलगा, ना मुलगी. हे मी कुणालाही छाती काढून सांगते. तुम्हाला ते आवडत नसे. "मिरवू नको, पुढचा शब्द वाच," म्हणायचात. पण मिरवण्यासारखं माझ्याकडे तेवढंच होतं, बाई. कॉर्पोरेशनची तमिळ माध्यमाची शाळा, मग एकदम इंग्रजी कॉलेज. तमिळ रस्त्यावरची, मराठी पडद्याआडची, आणि इंग्रजी फक्त पुस्तकातली. ती मी कुणाच्या तोंडून धड ऐकलेलीसुद्धा नव्हती.

तुम्ही गेलात त्याला आज सतरा दिवस झाले. तेराव्याला मी मैलापूरला आले होते. तुमच्या धाकट्या बहिणीनं, रमाक्कांनी, आग्रहानं जेवायला वाढलं. थोरल्या बहिणीचं सगळं नीट झालं ना, एवढीच त्यांना काळजी. मला जे बोलायचं होतं ते त्यांच्यापाशी बोलवेना. ते तुमच्याशीच बोलायचं आहे. मी तुमच्याशी खोटं बोलले, बाई. अंथरुणावर होतात तेव्हा, तुमचा हात हातात घेऊन. त्याच्याकडे येतेच, पण मला आधीपासून क्रमानं सांगू द्या, नाहीतर माझा धीर सुटेल.

तुम्ही आलात त्या तुमच्या आईच्या चार साड्या घेऊन. कापड बोट लावलं तरी फाटत होतं, जर मात्र शाबूत. अशी जर जाळून तिच्यातली चांदी काढतात, आणि ती निघेपर्यंत गिऱ्हाइकानं समोर बसून राहायचं असा आमच्या धंद्यातला रिवाज. मागाहून कुणी कुणावर संशय घ्यायला नको. बाबांनी तुम्हाला लाकडी स्टूल दिलं आणि पडद्याकडे तोंड करून ओरडले, "आगं, च्या टाक!"

तुम्ही दचकलात. "तुम्ही मराठी?"

"व्हय की. आन् तुमी?"

"आम्हीं तंजावरचे. तीनशें वर्षें झालीं."

बाबांनी तुमच्याकडे वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. दोन्ही नाकपुड्यांत चमक्या, केसांत मोगऱ्याचा गजरा, बोलण्याला तमिळ हेल. "आसं हाय व्हय. तरीच तुमचं मराठी जरा आंबल्यावानी वाटतंय."

"आंबलें नव्हे," तुम्ही म्हणालात. "मुरलें."

बाबा खोकला येईपर्यंत हसले. मी पडद्यामागे दुसऱ्या दिवशीच्या परीक्षेसाठी मोठ्यानं वाचत होते. शब्द होता 'एंडोक्रायनॉलॉजी', शरीरातल्या ग्रंथींचं शास्त्र. मी तो बैलगाडीच्या चालीनं म्हणत होते. एन्. डो. क्राय. नॉ. लॉ. जी. प्रत्येक तुकडा सारखा जड. आपण मराठी माणसं बोलतोच तशी. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही. तेवढ्यात पडदा बाजूला झाला.

"आंत कोण आहे? वाचते कीं विटा रचते?"

तुम्ही माझ्याशेजारी चटईवर बसलात. भट्टीत साड्यांनी पेट घेतला होता आणि तुम्हाला तिकडे बघायचं नव्हतं, हे मला पुष्कळ नंतर कळलं. तुम्ही माझा उजवा हात ओढून तुमच्या मांडीवर ठेवलात. "किती तुकडे? सहा. चवथ्यावर पंजा आपट. बाकीचे बोटांच्या टोकांनीं. हळू." मी आपटला. तिसऱ्या खेपेला तो शब्द माझ्या तोंडात एकदम वळला. आजवर मला न ओळखणारं कुत्रं एकाएकी हाताशी यावं तसा. तुम्ही म्हणालात, "शनिवारी मैलापूरला ये. टायपिंगसुद्धां शीक. बोटें रिकामीं कशाला?"

देवळाच्या तळ्यामागच्या गल्लीत तुमची टायपिंग इन्स्टिट्यूट होती, घराच्याच पुढच्या खोलीत. आठ मशिनं, त्यातली पाच चालू. सगळ्या गल्ल्यांत कॉम्प्युटर सेंटरं उघडत होती आणि तुमच्याकडे सरकारी टायपिंगची परीक्षा देणाऱ्या चारदोन मुली उरल्या होत्या. बीच स्टेशनवरून मैलापूरची रिकामी गाडी पकडून मी दर शनिवारी यायचे. ओळ संपत आली की मशीनची घंटी वाजते आणि मग फार तर सहासात अक्षरांची जागा उरते. तेवढ्यात ठरवायचं, शब्द बसतो का, नाही बसला तर कुठं तोडायचा. तुम्ही मुद्दाम असे उतारे द्यायचात की घंटी नेमकी लांब शब्दाच्या पोटात वाजावी. मी घाबरायचे. घंटी वाजली की माझी बोटं गारठायची. एकदा मी 'टाइपरायटर'च तोडला, 'टाइपरा' वरच्या ओळीत आणि 'यटर' खाली.

"हा यटर कोण?" तुम्ही कागदावर वाकून विचारलंत. "तुझा आत्येभाऊ?"

शेजारच्या मुली फिदीफिदी हसल्या. मला रडू यायच्या बेतात होतं. तुम्ही माझं मनगट धरून वाकवलंत. "हें बघ. वाकतें, कारण इथें सांधा आहे. इथून चार बोटें वर वाकवलें तर? मोडेल. शब्दालाही सांधा असतो. हाड मोडूं नकोस, सांध्यावर वाकव."

ते माझ्या डोक्यात जे बसलं ते बसलंच. मग मी रस्त्यानं पाट्या वाचत जायचे ती सांधे शोधत. पण सांधा सापडला तरी वजन कुठे द्यायचं ते कळत नसे, आणि त्यावरूनच आपलं भांडण लागलं, तुम्हाला आठवत असेल. 'फोटोग्राफी' हा शब्द. सांधा फोटो आणि ग्राफीच्या मध्ये. पण बोलताना इंग्रज 'टॉ'वर आपटतो आणि तो तुकडा सांध्याच्या दोन्ही बाजूंना ओढला जातो. मी म्हटलं, बाई, एकाच शब्दाला दोन सांधे कसे? तुम्ही म्हणालात, "पाय गुडघ्यांत वाकतो आणि भार टाचेवर पडतो. दोन्ही एकाच पायाचे." मी म्हटलं, उदाहरण दिल्यानं प्रश्न सुटत नाही. तुम्ही म्हणालात, "बी.एस्सी.ला गेलीस म्हणून जिभेला धार आली गो तुला." तीन शनिवार तेच. रमाक्का कॉफी घेऊन आल्या की दारातच विचारायच्या, "पाय वाकला कीं नाही अजून?" बाई, खरं सांगते, मला अजूनही तुमचं म्हणणं पटलेलं नाही.

त्या डिसेंबरात तुम्ही मला गाण्याच्या सभेत घेऊन गेलात. मैलापुरात तेव्हा गाण्याचा मोसम असतो आणि दुपारच्या मैफिलींना कुणीही आत जाऊन बसावं. मला त्या गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तुम्ही कानाशी म्हणालात, "गाणारीकडे बघूं नको. लोकांच्या हाताकडे बघ." मी बघितलं. सगळ्या सभागृहाचे हात मांडीवर चालले होते. पंजा, करंगळी, अनामिका, मधलं बोट, पुन्हा पंजा. माझ्यापुढे एक तमिळ मामी भाजीची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती, ती पिशवीवरच ताल देत होती. गाणारी मध्येच थांबली. हात थांबले नाहीत.

"कां थांबले नाहीत?" तुम्ही विचारलंत.

"मोजतायत."

"काय मोजतात? कांहीं ऐकूं तर येत नाहीं."

त्याचं उत्तर तुम्ही बाहेर आल्यावर, बसस्टॉपवर, सांगितलंत. "इंग्रज वजनाचा तुकडा मोठ्यानें बोलतो आणि बाकीचे गिळतो. गिळले म्हणून ते नाहींत असें नव्हे. जें ऐकूं येत नाहीं तेंही हातानें मोजायचें. मग कळतें, काय गिळलें."

त्या एका वाक्यावर आता माझं पोट चालणार आहे. तुम्हाला तेव्हा ते माहीत नव्हतं, मलाही नव्हतं.

डिग्री हातात आली. बाबांनी पेढे वाटले ते भट्टीसमोर उभं राहून, आणि त्याच आठवड्यात त्यांच्या थुंकीत पहिल्यांदा रक्त दिसलं. आईनं मला दाखवलं, बाबांना कळू न देता. मला गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत काम लागलं, पण कच्चं. अमेरिकेतले डॉक्टर रोग्याबद्दल जे बोलून ठेवतात ते कानात लावून ऐकायचं आणि टाइप करायचं. पायाखाली पेडल, दाबलं की आवाज मागे जातो. तीन महिने शिकायचं, मग परीक्षा. न कळलेल्या शब्दाच्या जागी कोरी रेघ सोडायची मुभा, पण रेघा ठरल्यापेक्षा जास्त झाल्या की नापास. दोन संधी. दुसरीत नापास झालं की घरी. बाबांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "लागली नोकरी. तू पक्की व्हायची वाट बघतोय मी. त्या दिवशी भट्टी बंद." आणि खोकत बसले. त्या दिवसापासून माझ्या कानात हेडफोन असो नसो, खोकलाच वाजायचा.

अमेरिकन डॉक्टर घाईत बोलतात. एक तर जेवता जेवता बोलायचा, बशीवर काटा वाजलेला ऐकू यायचा. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "येवढाले लांब शबुद बोलायचे म्हंजी जेवायला येगळा येळ मिळत नसंल बिचाऱ्याला." असा डॉक्टर लांबलचक शब्दातला एकच तुकडा आपल्या हातावर टेकवतो आणि बाकीचे घोटासरशी आत. मी तुम्ही शिकवलंत तसा मांडीवर ताल धरायचे. बोट, बोट, बोट, पंजा, बोट, बोट. किती तुकडे, वजन कितव्यावर, हे हाताला कळलं की डोकं शब्द शोधून काढायचं. चालत होतं, बाई. अगदी छान चालत होतं. मग शेजारच्या रांगेतून कुणीतरी तमिळमध्ये म्हणालं, "काय हो, इथं कच्चेरी चाललीय का?" कच्चेरी म्हणजे इथे गाण्याची मैफल. सगळी रांग हसली. ट्रेनर मॅडम आल्या. वाईट नव्हत्या, पण त्यांच्याही वर कुणी होतं. "हात टेबलावर. की-बोर्डवर. हे ऑफिस आहे."

मला लाज वाटली. आमच्या भावकीतली पहिली पदवीधर, आणि हसं झालं ते मांडी बडवते म्हणून. मी हात थांबवला. दुसऱ्या दिवसापासून कोऱ्या रेघा वाढू लागल्या. मला दिसत होतं, कशामुळे वाढतायत ते. तरीही थांबवला.

त्या शनिवारी मी तुमच्याकडे आले ती भांडायच्याच बेतानं. म्हटलं, "ते हात हलवू देत नाहीत."

"मग काय हलवूं म्हणतात? कान?"

"चेष्टा नको, बाई. तुमचं हे सगळं टाइपरायटरच्या काळातलं आहे. आता भंगारवालासुद्धा टाइपरायटर घेत नाही."

तुम्ही समोरच्या मशीनवर काळं आवरण घातलंत, चारी बाजूंनी ओढून नीट बसवलंत, आणि म्हणालात, "सरी. पो." बरं. जा. मराठीत बोलला असतात तर कदाचित मी बसून राहिले असते. तुम्ही तमिळमध्ये बोललात, बाहेरच्या माणसाशी बोलावं तसं, आणि मी गेले.

दोन शनिवार मी आले नाही. तिसऱ्याच्या आधी रमाक्कांचा फोन आला, आमच्या शेजारच्या दुकानात. तुमचं उजवं अंग गेलं होतं. वाचाही.

मी धावत आले. तुम्ही खाटेवर होतात, गजरा नव्हता. डावा हात तेवढा चालत होता. मी पायाशी बसले आणि माफी मागायचं सोडून भलतंच बोलले, बुधवारी परीक्षा आहे म्हणाले. तुमचे डोळे लगेच मोठे झाले. डाव्या हातानं तुम्ही चादरीवर ताल धरलात आणि माझ्या हाताकडे बघितलंत. मी काय समजायचं ते समजले. पण बुधवारी मॅडम रांगेतून फिरत होत्या आणि मी दोन्ही हात की-बोर्डवर ठेवून बसले, शहाण्या मुलीसारखी. कोऱ्या रेघा इतक्या झाल्या की मीच पुढे मोजायच्या सोडल्या. शुक्रवारी निकाल. नापास. दुसरी संधी सतरा दिवसांनी.

रविवारी मी आले तेव्हा रमाक्का म्हणाल्या, "ती सारखी दाराकडे बघते. परीक्षेचें विचारायचें आहे तिला."

मी म्हटलं, "पास झाले."

एका श्वासात, बाई. विचारसुद्धा केला नाही. तुमच्या तोंडाची डावी बाजू हलली. रमाक्का रडायला लागल्या. आणि तुम्ही माझं मनगट धरून जवळ ओढलंत आणि त्याच हातानं त्याच्यावर आपटलंत. बोट, बोट, पंजा, बोट. थांबलात. पुन्हा तेच. बोट, बोट, पंजा, बोट. चार तुकडे, वजन तिसऱ्यावर.

"काय म्हणते गो ती?" रमाक्कांनी विचारलं.

"आशीर्वाद देतायत," मी म्हटलं. हे दुसरं खोटं. मला कळलंच नव्हतं.

अजून कळलेलं नाही. मी रोज शोधते. बसमध्ये, जेवताना, आंघोळ करताना. 'ग्रॅज्युएशन' त्या मापाचा आहे, म्हणजे पदवी. तेव्हा तुम्हाला माझा अभिमान वाटला असेल. 'अंडरस्टँडिंग'ही त्याच मापाचा. तेव्हा तुम्ही मला समजून घेतलं असेल, आपलं भांडण मिटलं असेल. पण 'फॅब्रिकेशन'सुद्धा त्याच मापाचा आहे, बाई. रचलेली गोष्ट. खोटं. तुम्ही आयुष्यभर मुलींच्या कागदांवरच्या चुका एका नजरेत ओळखल्या. माझं तोंड तुम्हाला वाचता आलं नसेल का? तुम्हाला कळलं होतं का? कळूनही तुम्ही माझं मनगट सोडलं नाहीत, की कळलं म्हणूनच धरलंत? मला हे कुणाला विचारता येत नाही. आईला विचारलं तर ती म्हणते, "मरणाऱ्या मानसाला बरं वाटंल आसं बोललीस, पाप न्हाई लागत." पाप मला विचारायचंच नाही. मला विचारायचंय की तुम्ही समाधानानं गेलात की काळजीत.

खोटं एकदा बोलून भागत नाही, त्याला रोज पाणी घालावं लागतं. तुम्हाला भेटायला येताना वाटेत मी ठरवायचे, आज काय सांगायचं. ऑफिसचं कार्ड मिळालं. खिडकीजवळची जागा मिळाली. बाबा आता भट्टीवर जात नाहीत. हे शेवटचं सांगताना माझा आवाज चिरकला, कारण त्याच सकाळी बाबा भट्टी पेटवत होते आणि मी त्यांना पाणी देऊन निघाले होते. तुम्ही ऐकत होतात. डोळे माझ्यावर. मला एकच भीती होती, की दुसऱ्या परीक्षेतही नापास झाले तर हे सगळं मी तुमच्या डोळ्यांसमोर कधीपर्यंत निभावणार. आणि त्याहून वाईट एक विचार मनात येऊन गेला. तोही सांगते, कारण आता लपवून काय करू. तुम्ही लवकर सुटलात तर निदान तुम्हाला कळणार नाही, असा. तो मी तिथल्या तिथे चिरडला. पण तो आला होता.

मंगळवारी सकाळी तुम्ही गेलात. मी कानात हेडफोन घालून बसले होते. निरोप दुपारी मिळाला. मी पोचले तेव्हा घर धुऊन झालं होतं, खाट भिंतीला उभी होती आणि रमाक्का मशिनांच्या खोलीत एकट्या बसल्या होत्या.

त्यानंतरच्या सोमवारी माझी दुसरी परीक्षा होती. त्या सहा दिवसांत डोक्यात एकच. पास झाले तर खोटं खरं होईल, नापास झाले तर मी तुमच्या शेवटच्या दिवसांत तुम्हाला काय सांगत बसले होते, एवढंच उरेल. सोमवारी खुर्चीवर बसले. पहिली दोन मिनिटं ठीक गेली. मग तो जेवता जेवता बोलणारा डॉक्टर आला. एक शब्द आला आणि गेला. मी पेडल दाबलं. पुन्हा आला, पुन्हा गेला. फक्त 'टेक्' तेवढं कानात राहिलं. रेघ सोडायला बोट उचललं होतं, ते तसंच खाली मांडीवर आलं.

मी ताल धरला. टेबलाखाली लपवून नाही, खुर्ची मागे सरकवून, उघड. बोट, बोट, बोट, पंजा, बोट, बोट. शेजारच्यानं वळून बघितलं. सहा तुकडे, वजन चौथ्यावर. पुढे-मागे पोटदुखी, खडे, ऑपरेशन असं चाललं होतं. म्हणजे कोलिसिस्टेक्टमी, पित्ताशय काढून टाकण्याचं ऑपरेशन. आतला सांधासुद्धा मला दिसला. मी टाइप केलं. पुढचा शब्द. पुन्हा हात. मॅडम माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या हे मला त्यांच्या सावलीवरून कळलं. मी हेडफोनचा एक कान बाजूला केला आणि म्हटलं, "मॅडम, हात थांबणार नाही. पाहिजे तर मला बाहेर काढा."

त्यांनी घड्याळाकडे बघितलं. मग म्हणाल्या, "वेळ जातोय. टाइप करा."

पेपर देऊन बाहेर आले, जिन्यात बसले. उजवी मांडी दुखत होती.

मग निकालाची वाट. तेराव्याला तुमच्या घरी जेवले ती निकाल माहीत नसताना. रमाक्का येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या, "ही शोभा. अक्काची शेवटची विद्यार्थिनी. पास झाली, नोकरी पक्की झाली, अक्का बघून गेली." पाहुणे माझ्याकडे कौतुकानं बघत होते. मी मान खाली घालून भात कालवत राहिले. कुणीतरी म्हणालं, लाजते बिचारी.

बाई, तुम्ही मला नुसते शब्द तोडायला शिकवलं नाहीत. घंटी वाजली की घाबरायचं नाही, अजून सहा अक्षरांची जागा असते, तेवढ्यात माणूस नीट विचार करू शकतो, हे शिकवलंत. मी ते पुरतं शिकले नाही. तुम्ही विचारलंत तेव्हा माझ्याकडेही तेवढी जागा होती. 'अजून एक संधी आहे, बाई' एवढंच वाक्य त्यात बसलं असतं. ते मी बोलले नाही. आणि टाइपरायटरबद्दल जे बोलले ते परत घ्यायचं राहून गेलं. फोटोग्राफीचं मात्र मी परत घेत नाही. ते भांडण तसंच चालू राहू दे. तुमच्याशी भांडायला काहीतरी असलं म्हणजे तुम्ही अगदीच गेल्यासारखं वाटत नाही.

काल, गुरुवारी, मॅडमनी सगळ्यांची नावं वाचली. बरीच नावं त्यात नव्हती. माझं होतं. मी घरी येऊन आधी बाबांना सांगितलं. त्यांनी मुशीचा चिमटा खाली ठेवला, हात पंचाला पुसले आणि मालकाकडे निघून गेले. आई पडद्याला धरून उभी होती.

मी पास झाले, बाई. हे आता खरं आहे. एक तारखेपासून मी कायम नोकरीवर आहे, आणि सोमवारपासून बाबा भट्टीवर जाणार नाहीत.